गडग्याआडची सोपी वाट

वीस वर्षं मी डांबरी रस्त्यावर गाडी चालवली. घर ते शाळा, शाळा ते घर, सुट्टीत फार तर गणपतीपुळे. या वीस वर्षांत चारचौघांत सांगावं असं काही म्हणजे काही घडलं नाही. मग डांबर सोडलं आणि तीन वर्षांत इतके किस्से साठले, की हल्ली शिक्षकांच्या खोलीत मी तोंड उघडलं की बाकीचे घड्याळाकडे बघतात! कारण साधं आहे. डांबर सोडलं की गाडी अडकते, गाडी अडकली की माणसं खाली उतरतात, आणि आमच्या रत्नागिरीत चार माणसं एका जागी उभी राहिली की ती गप्प बसत नाहीत.

आमचा कंपू चार जणांचा. आप्पा हे गुरू. वय सत्तर. रत्नागिरीहून अर्ध्या तासावर, जयगडच्या रस्त्याला त्यांची हापूसची बाग आहे, आणि आंब्याच्या पेट्या वाहून वाहून कण्हायला लागलेली एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. दुसऱ्या डॉक्टर नेहा, दातांच्या. तिसरा इक्बाल, गॅरेजवाला. आणि चौथा मी, हायस्कुलात गणित शिकवणारा. मला सगळे मास्तर म्हणतात, इक्बाल तेवढा सर.

दर रविवारी सकाळी आम्ही नवशिक्यांना सोप्या वाटांवर गाडी चालवायला शिकवतो. पुण्या-मुंबईची माणसं हौसेनं फोर बाय फोर घेतात, पण गिअरशेजारचा, चारही चाकांना जोर देणारा तो दुसरा छोटा दांडा कधी ओढायचा हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते आम्ही सांगतो. वाटा सोप्याच निवडतो. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा, सपाट कातळ, पाऊस ओसरल्यावरचे गुडघाभर पाण्याचे व्हाळ, सुरूच्या बनामागची रेती. शिकवण्याचं काम आप्पांचं, कारण आवाज त्यांचा. सड्यावर उभं राहून आप्पा "क्लच सोड!" असं ओरडले, की खालच्या वाडीत त्यांच्या बहिणीला, माईंना, चुलीपाशी ऐकू जातं. माई म्हणतात, "रविवारचा मी रेडिओ लावतच नाय."

खरं म्हणजे हा सगळा उद्योग आप्पांनी काढला तो या माईंसाठीच.

माई ऐंशीच्या. गुडघे गेले. त्यांच्या घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत दोनशे बारा पायऱ्यांची पाखाडी आहे, आणि या तीन वर्षांत माई ती एकदाही चढल्या नव्हत्या. हेदवीच्या गणपतीला बोललेला एक नवस त्यांच्या डोक्यावर होता. तो स्वतः जाऊन फेडायचा होता. वाडीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून उचलून नेतो म्हटलं, तर माई कडाडल्या, "मी काय मेल्ये, चार जणांनी खांदा द्यायला?"

माईंच्या दारापासून रस्त्यापर्यंत गाडी येईल अशी वाट एकच. मोजून तीनशे पावलं, चढ हलका, माती घट्ट. आमच्या सगळ्या यादीत याहून सोपी वाट नाही. पण ती जाते माईंच्या धाकट्या दिराच्या, तात्यांच्या आंब्याच्या कलमांतून. आणि तात्या आणि माई तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मधला जांभ्या दगडांचा गडगा हातभर सरकला, एवढंच कारण. कोणी सरकवला यावर दोन्ही घरांचं आजही एकमत नाही.

तेव्हा दुसरीकडून कुठून तरी वाट सापडेल म्हणून आप्पा दर रविवारी जीप घेऊन हिंडायला लागले, आणि आम्ही त्यांच्या मागे लागलो. माईंचं दार सोडून आम्ही सगळीकडे पोचलो!

* * *

पहिला किस्सा माझाच सांगतो, म्हणजे पुढच्यांची थट्टा करायचा हक्क मिळेल.

मी जुनी फोर बाय फोर घेतली, तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. दीड वर्ष मी ती व्हाळात, रेतीत, जिथे तिथे घातली. छोटा दांडा मोठ्या रुबाबात ओढायचा आणि बाजूला बसलेल्याला सांगायचं, "आता चारही चाकं ओढतायत बरं का!" गाडी दर वेळी रुतायची. मी म्हणायचो, माती वाईट आहे.

एकदा इक्बाल माझ्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. चाकाच्या मधोमध एक गोल खटका असतो. जुन्या गाड्यांत तो खाली उतरून हातानं फिरवावा लागतो, नाहीतर पुढची चाकं नुसतीच फिरतात, ओढत नाहीत. माझ्या खटक्यावर गंज चढला होता. इक्बालनं तो बराच वेळ न्याहाळला आणि अतिशय आदरानं विचारलं, "सर, तुम्ही शाळेत गणितच शिकवता ना?"

"हो. का रे?"

"नाय, दीड वर्ष चार आणि दोन एकच समजून चालवताय, म्हणून विचारलं."

* * *

सड्यावर गाडी चालवायची म्हणजे पायी चालण्यापेक्षा हळू. हे पुणेकरांना पटवायला फार वेळ लागतो. एक गृहस्थ आले होते, गाडीच्या टपावर शिड्या, फावडी, पिवळे डबे, दोऱ्या. इक्बाल मला कानात म्हणाला, "सर, एवढं सामान माझ्या गॅरेजात नाय."

निघायच्या आधी गृहस्थांनी वही काढली. "गाडी अडकली तर तुमचा प्लॅन काय?"

"सड्याच्या राखणदाराला नारळ ठेवलाय," आप्पा म्हणाले.

"ते ठीक. पण त्यानं नाही भागलं तर?"

"इक्बाल."

गृहस्थांनी दोन्ही नावं वहीत लिहून घेतली. मग आमची वरात निघाली. आप्पा पुढे चालत, "क्लच सोड! ब्रेक सोड! गाडीला जाऊ दे!" असं ओरडत. मागून डोक्यावर काजूची पाटी घेतलेली एक बाई आली. गाडीला मागे टाकून पुढे गेली, थांबली, मागे वळून म्हणाली, "बंद पडली काय वो?"

"नाही, नाही," गृहस्थ काचेतून म्हणाले. "चालू आहे. आम्ही मुद्दाम हळू चालवतोय."

बाईनं टपावरचं सगळं सामान नीट पाहून घेतलं. "मग उतरा नि चाला. लवकर पोचाल." आणि ती पुढे निघून गेली. परत येताना ती पुन्हा भेटली. पाटी रिकामी होती, आणि आम्ही अजून जातच होतो!

* * *

आप्पा समुद्राच्या पुळणीवर गाडी नेऊ देत नाहीत. तिथे कासवं अंडी घालतात. रेतीचा सराव करायचा तो सुरूच्या बनामागच्या वाटेवर. रेतीत जाताना चाकांतली हवा थोडी कमी करायची असते, म्हणजे चाक पसरट होतं आणि रुतत नाही. मुंबईहून आलेल्या एका जोडप्याला मी हे समजावलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळलो.

दहा मिनिटांनी नवरा घामाघूम होऊन आला. "झालं सर. पाचही चाकांची काढली."

"पाच?"

त्यांनी मागच्या दारावरच्या स्टेपनीकडे बोट दाखवलं. बायको शांतपणे म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना. पण ते म्हणाले, करायचं तर सगळ्यांचं सारखं करावं." हे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, हे आम्हाला मागाहून कळलं.

* * *

डॉक्टर नेहा आमच्यातल्या सगळ्यांत थंड डोक्याच्या. गाडी कितीही कलली तरी त्यांचा आवाज क्लिनिकमधलाच राहतो. "थोडंसं हलेल हं. झालंच आता." गाडीला सांगतात की शेजारच्याला, कळत नाही.

एकदा त्या आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या. नवरा बँकेत, स्वभावानं जपून. व्हाळाच्या काठावरून गाडी खाली उतरायला लागली. नाक सरळ पाण्याकडे. नवऱ्यानं वरचा दांडा धरला आणि तोंडाचा आ वासून जी आरोळी ठोकली, ती मी मागच्या गाडीत ऐकली. डॉक्टरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्यांनी फक्त एकदा मान वळवून बघितलं.

"वरची डावी, शेवटून दुसरी," त्या म्हणाल्या. "कीड आहे. उद्या साडेदहाला या."

नवरा व्हाळ संपेपर्यंत तोंड घट्ट मिटून बसला होता.

* * *

माईंच्या घराकडे डोंगराच्या मागच्या अंगानं एक वाट काढता येईल असं आप्पांना एकदा वाटलं. मधे मोकळा सडा होता, पण त्याला मालक होते. किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. सात-बारावर नावं वाचता वाचता इक्बालचा चहा निवला. निम्मे मुंबईत, चार बडोद्याला, एक दुबईत.

गावात त्यातले एकच हजर होते. ओटीवर सुपारी कातरत बसले होते. आप्पांनी माईंची सगळी हकीकत सांगितली. गृहस्थांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "आप्पा, माईंसाठी मी नाय म्हणीन काय? खुशाल जा. फक्त माझ्या हिश्श्यातून जा, दुसऱ्याच्या नको."

आप्पांचा चेहरा उजळला. "तुमचा हिस्सा कुठला?"

"तो अजून ठरायचाय."

* * *

आता तात्या.

वय बहात्तर, अंगानं काटक, उन्हात पावसात काखेत छत्री. दर रविवारी ते आपल्या गडग्याशी उभे राहायचे आणि आमच्या गाड्या वरच्या रस्त्यानं जाईपर्यंत हलायचे नाहीत. एकदा वळवताना माझ्या गाडीचं मागचं चाक त्यांच्या हद्दीत गेलं. फार तर दोन हात. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शिपायाकडे निरोप आला, मास्तरांना बोलावलंय. मी गेलो, तर तात्यांनी हातात खराटा दिला.

"तुम्ही सुशिक्षित माणूस. आपली चाकोरी आपण पुसा."

"तात्या, अहो धूळच आहे. वाऱ्यानं जाईल."

"वाऱ्याला कोर्टात साक्षीला नेता येत नाय. आज चाकोरी दिसली, उद्या वहिवाट पडते, परवा तुमचा नातू येऊन म्हणतो, ही आमच्या आजोबांची वाट!"

मी पुसली. गणिताच्या माणसाला यात चूक दाखवता येईना.

आप्पांनी तऱ्हेतऱ्हेनं विचारून पाहिलं. एकदा म्हणाले, "तात्या, मी लिहून देतो, वाटेवर हक्क सांगणार नाय म्हणून."

"मी कशावर सही करत नाय."

"तू नको करू! सही मी करतो!"

"तू केलीस म्हणजे तो कागद मी घेतला असं होतं. घेतला म्हणजे मी कायतरी दिलं असं होतं. मी कायपण दिलेलं नाय."

त्या दिवशी मात्र आप्पांचा तोल गेला. गडग्याच्या अलीकडून त्यांनी जो आवाज लावला, तो खाली माईंनाच काय, खाडीपलीकडेही गेला असेल. "अरे, तो नवस कोणासाठी बोललीय ते तरी ठाऊक आहे काय तुला? चार वर्षांमागे तू मुंबईच्या इस्पितळात पडला होतास ना, नाकात नळी घालून? तेव्हा बोललीय ती! तू बरा होऊन घरी ये म्हणून!"

तात्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मग ते कलमांत निघून गेले. आप्पा गडग्यावरच बसले. मला म्हणाले, "मास्तर, मी हे बोलायला नको होतं. माईनं शपथ घातली होती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

* * *

पुढच्या रविवारी सात वाजता सड्यावर नवशिक्यांची रांग होती. दोन पुण्याचे, एक ठाण्याचा, आणि चौथे तात्या. काखेत छत्री.

"शिकवा," ते म्हणाले.

मी विचारलं, "तात्या, काय शिकवू?"

"गाडी. माझ्या जमिनीतून दुसरा कोणी गाडी नेणार नाय. गेली तर माझ्या हातानं जाईल. मालक आपल्या जमिनीतनं गेला तर वहिवाट पडत नाय. वकिलाला विचारून आलोय."

"पण गाडी आप्पांची आहे."

"गाडी कोणाचीपण असूदे. हात माझे."

इक्बालनं लायसन्सचं काढलं. "माझ्या कलमांत मला लायसन्स कोण विचारतो?" असं म्हणून तात्या जीपमध्ये चढून बसले. चुकीच्या बाजूनं.

साध्या वाटेला नवशिक्याला एक रविवार पुरतो. तात्यांना पाच लागले. हात चांगला होता, पाय बरा होता, पण नजर वाटेवर ठरत नसे. ती दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर असायची. मधेच ब्रेक दाबून म्हणायचे, "हा कोणाचा? वीतभर पुढे आलाय." आणि चढावर गाडी जरा अडली की त्यांचा पाय आपोआप क्लचवर जायचा, जीप मागे घरंगळायची. आप्पा ओरडायचे, "क्लच सोड! ब्रेक सोड! गाडीला जाऊ दे!" तात्या तितक्याच जोरात उत्तर द्यायचे, "जाऊ दे काय! माझा स्वभाव नाय तो!"

* * *

माघातला रविवार ठरला. कलमांवर मोहोर, वाटेवर बारीक तांबडी धूळ. आम्ही पोचलो तर तात्यांनी पहाटेच गडगा मोकळा केला होता, गाडी जाईल एवढाच. काढलेले दगड ओळीनं बाजूला लावलेले, आणि प्रत्येक दगडावर खडूनं आकडा! एक ते चौसष्ट. परत लावताना कुठला दगड कुठे, यात घोळ नको. खडू त्यांनी आदल्या आठवड्यात माझ्याकडूनच मागून नेला होता.

तात्यांनी जीप माईंच्या दाराशी नेली. माई ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर नेहांनी आणि मी त्यांना पुढच्या सीटवर चढवलं. आप्पा मागे बसले. डॉक्टर पुढे वाट दाखवायला, इक्बाल आणि मी दोन बाजूंनी चालत.

"आप्पा," तात्या समोर बघत म्हणाले, "तिला सांग, पुढचा दांडा धर म्हणावं."

दोघांच्या मधे एक वीत अंतर नव्हतं.

"त्याला सांग, धरल्येय," माई म्हणाल्या.

आप्पांनी दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवले. जीप निघाली. शंभर पावलं झाली, दीडशे झाली. दोनशेच्या आसपास फणसाचं एक मूळ वाटेत आडवं आहे. त्यावर पुढचं चाक चढलं, गाडी कलली, माईंचा नारळ सुटून खाली गेला. आणि तात्यांचा पाय गेला क्लचवर.

जीप मागे घरंगळायला लागली. मी आप्पांकडे बघितलं. तीन वर्षं सगळा डोंगर दणाणून सोडणारा माणूस, तोंड उघडं, आणि आवाजच फुटेना!

"सदू!"

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. तात्यांचं नाव सदाशिव. त्यांना सदू म्हणणारं कोणी उरलं असेल असं वाटलं नव्हतं.

"सदू, क्लच सोड! ब्रेक सोड! गाडीला जाऊ दे!"

तात्यांनी सोडला. जीप थांबली, एकदा हिसका बसला, आणि मुळावरून चढून ती तशीच, पायी चालण्याहून हळू, थेट वर डांबरावर आली.

मग तात्यांनी समोर बघतच विचारलं, "वहिनी, तू कुठे शिकलीस?"

"तीन वर्षं दर रविवारी ऐकत्येय. दुसरं काय येतं खाली ऐकायला?"

तात्या उतरले आणि किल्ली आप्पांकडे टाकली. "डांबरावर कोणीपण चालवतो." आणि छत्री काखेत मारून घराकडे वळले. माईंनी काच खाली केली. "नवस तुझा, आणि जाऊ मी एकटी? बस मागे." तात्या बसले.

जयगडला जीप फेरीबोटीत चढवली, तवसाळला उतरलो, हेदवीला पोचलो. देवळाच्या पायऱ्यांवर माईंचा हात कोणी धरला, ते आम्ही चौघांनीही बघितलेलं नाही, असं सांगायचं ठरलं आहे.

उन्हं कलता कलता परत आलो. तात्यांनी पुन्हा जीप हातात घेतली, माईंना दाराशी सोडलं आणि वर आणून उभी केली. फणसाच्या मुळाशी क्लचला पायसुद्धा लावला नाही. इक्बाल आकडे घातलेल्या दगडांकडे गेला. "तात्या, लावायला लागू काय?"

"रविवारी गडगा लावत नाय," तात्या म्हणाले.

मग ते घराच्या मागे गेले आणि खराटा घेऊन आले. आम्ही चौघं गडग्याशी उभे. धुळीत वरपासून खालपर्यंत चाकांच्या दोन ठसठशीत चाकोऱ्या, आणि त्यांच्या बाजूनं आमच्या बुटांचे ठसे. मी बाह्या सरसावल्या, कारण हे काम आता मला येतं. पण तात्यांनी हातानंच मला थांबवलं.

त्यांनी वाकून, खालपासून वरपर्यंत, आमच्या पायांचे ठसे एकेक करून पुसले. चाकोऱ्यांना खराटा लागू दिला नाही.